हीट पंप बसवलाय, आता छतावर सोलर परवडेल का? (पुणे)

कर्वेनगरी | १० नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

कर्वेनगरला आमचं छोटं रो हाउस आहे. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, आई-बाबा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. गेल्या वर्षी दोन्ही बाथरूममधले गीझर काढून गच्चीवर २०० लिटरचा हीट पंप (हवेतल्या उष्णतेने पाणी तापवणारं यंत्र) बसवला. पाणी भरपूर मिळतं, बिलही उतरलं. आधी महिन्याला सरासरी ४३० युनिट पडायची, ती आता २४० वर आली आहेत.

आता सोलरवाले मागे लागलेत. ३ किलोवॉटसाठी २ लाख १० हजारांचं कोटेशन आहे. त्यातले ७८ हजार पंतप्रधान सूर्यघर योजनेतून परत येणार, म्हणजे खिशातून १ लाख ३२ हजार. विक्रेता म्हणतो, तीन वर्षांत पैसे वसूल. पण माझं बिल आधीच निम्म्याहून खाली आलंय, मग वसुली होणार कशातून? दुसऱ्या एकाने २ किलोवॉटचं दीड लाख सांगितलंय, त्यावर अनुदान ६० हजार.

ज्यांच्याकडे हीट पंप आणि सोलर दोन्ही आहे त्यांचे अनुभव हवेत. ज्यांनी फक्त हिशेब मांडून पाहिलाय त्यांनीही सांगा.

---

नवा_गडी | रात्री ९.५८

वाचतोय. आमच्याकडे याच विषयावर रोज जेवणाच्या टेबलावर परिसंवाद असतो.

---

अनघा_सूसरोड | रात्री १०.२५

आमच्याकडे दोन्ही आहे. आधी सोलर आलं, नंतर हीट पंप. तुमच्या बरोबर उलटा क्रम.

३ किलोवॉट आहे. चांगल्या उन्हाच्या दिवशी १२-१३ युनिट सहज पडतात. मार्च ते मे सगळ्यात जास्त. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान असला तरी आकाश स्वच्छ असतं, त्यामुळे फार घट होत नाही. खरी घट जुलै-ऑगस्टमध्ये. सलग झड लागली की दिवसाला तीन-चार युनिटांवर येतं. पण उन्हाळ्यात जास्तीची झालेली युनिट नेट मीटरमुळे वीज कंपनीकडे आपल्या खात्यावर जमा असतात, ती पावसाळ्यात वापरली जातात, त्यामुळे बिलात ते जाणवत नाही.

हीट पंप आल्यावर मात्र आमची बरीच युनिट शिल्लक राहायला लागली. मग स्वयंपाकघरात इंडक्शन घेतलं आणि यजमानांनी पेट्रोलची स्कूटर विकून इलेक्ट्रिक घेतली. आता वर्षाचं गणित पुन्हा बरोबर जुळतं. बिल येतं ते स्थिर आकाराचं आणि किरकोळ काही. माझं मत: डोळे मिटून घ्या.

---

पेठेतला_वाटसरू | रात्री १०.४१

अनघाताई, म्हणजे सोलर परवडावं म्हणून स्कूटर घेतली! उद्या स्कूटर परवडावी म्हणून लोणावळ्याला रोज जावं लागेल. :)

---

अनघा_सूसरोड | रात्री १०.४४

अहो, स्कूटर तशीही बदलायचीच होती! आणि पेट्रोलचे वाचलेले पैसे हिशेबात धरलेच नाहीत अजून.

---

निवृत्त_अभियंता | ११ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

कर्वेनगरी, तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे आणि विक्रेते नेमकं तेच सांगत नाहीत. जरा सविस्तर लिहितो.

आधी हीट पंपाचं बघू. पाच माणसांचं मिळून दिवसाला २५० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं, तर साध्या गीझरला ८.७ युनिट लागतात. हा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे, कुठल्याही कंपनीचा गीझर आणा, यापेक्षा कमी होणार नाही. हीट पंप वीज जाळून उष्णता करत नाही. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो तसा. त्यामुळे एका युनिटात तीन ते चार युनिटांचं काम होतं. साडेतीन धरा. ८.७ चे अडीच झाले. रोज सहा-सव्वासहा युनिट वाचली, महिन्याला १८७. तुमचा फरक १९० चा आहे, म्हणजे पंप उत्तम चाललाय.

आता पैशांचं. आपल्याकडे घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते. महावितरणचे २०२४-२५ चे दर घेतो, कारण ती बिलं बहुतेकांच्या घरात असतील. पहिली १०० युनिट ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० साठी १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० साठी १४ रुपये ५५ पैसे. प्रत्येक युनिटावर वहन आकार १ रुपया १७ पैसे वेगळा. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आणि स्थिर आकार सध्या बाजूला ठेवू.

४३० युनिटांचे होतात साधारण ५,७१० रुपये.
२४० युनिटांचे होतात साधारण २,५४० रुपये.

म्हणजे हीट पंपाने महिन्याला ३,१७० रुपये वाचवले, कारण त्याने वरची, सगळ्यात महाग युनिट कापली. सोलरच्या वाट्याला आता खालची स्वस्त युनिट उरली आहेत. तेच २ किलोवॉट सोलर तुम्ही गीझर असताना बसवलं असतं, तर त्याने महिन्याला ३,८३० रुपये वाचवले असते. आज तेवढंच सोलर, तेवढंच ऊन, आणि बचत २,५४० रुपये. जो आधी बसतो तो मलई खातो.

पुढे किलोवॉटचाही हिशेब वेगवेगळा करा. पुण्यात एक किलोवॉटला दिवसाला सरासरी ४ युनिट, महिन्याला १२० धरावीत.

पहिला किलोवॉट तुमची २४० पैकी वरची १२० युनिट उडवतो. बचत १,५९५ रुपये.
दुसरा किलोवॉट उरलेली १२० उडवतो, पण त्यातली १०० पहिल्या स्वस्त टप्प्यातली. बचत ९५० च्या आत.
तिसऱ्या किलोवॉटला तुमच्याकडे कामच नाही.

३१ मार्चला खात्यावर उरलेली युनिट कंपनी विकत घेते, पण तो दर तुम्ही वीज घेता त्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो. त्यासाठी पॅनेल बसवणं व्यर्थ. ३ किलोवॉट घेतलंत तर १ लाख ३२ हजारांवर वर्षाला साडेतीस हजार वाचतील, सव्वाचार वर्षांहून थोडं जास्त लागेल. २ किलोवॉटला खिशातून ९० हजार आणि बचत तेवढीच, म्हणजे तीन वर्षांच्या आत. विक्रेत्याचं 'तीन वर्षं' खरं आहे, पण त्याने दाखवलेल्या संचाला नव्हे.

दर दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे आकडे आपल्या ताज्या बिलावरून पुन्हा करा. टप्प्यांचा तर्क तोच राहील.

---

नवा_गडी | सकाळी ८.१२

काका, हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतोय. आमचा परिसंवाद संपला.

---

बंबप्रेमी | सकाळी ९.०५

हिशेब सुंदर आहे, पण मुळातच एक गोष्ट कुणी विचारली नाही. हीट पंप हवा कशाला? आपल्या पुण्यात आठ-नऊ महिने कडक ऊन असतं. साधा सौर बंब बसवा, वीज शून्य. आमच्या सहकारनगरच्या घरावर १५ वर्षांहून जास्त काळ चाललाय. शिवाय महापालिका मिळकतकरात सवलत देते. उन्हाने वीज करायची, त्या विजेने पंप चालवायचा आणि पंपाने पाणी तापवायचं, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

---

वाघोलीकर | सकाळी ९.३३

बंबप्रेमी, तुमच्याकडे महापालिकेचं पाणी असेल. आमच्याकडे बोअर आणि टँकर. नळ्यांच्या सौर बंबात दोन वर्षांत पांढरा थर जमला आणि पाणी तापणं कमी कमी होत गेलं. दर वर्षी साफसफाई. शिवाय पावसाळ्यात तीन महिने आतली हीटरची कॉइल चालू ठेवावी लागायची, तिचं बिल गीझरइतकंच.

---

निवृत्त_अभियंता | सकाळी १०.१०

बंबप्रेमी, तुमच्या मताचा आदर आहे आणि ज्यांच्याकडे चालू स्थितीतला सौर बंब आहे त्यांनी तो मुळीच काढू नये. पण नवीन घेताना दोन गोष्टी पाहाव्यात.

एक म्हणजे जागा. २०० लिटरच्या सौर बंबाला साधारण ४ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो आणि एप्रिल-मेमध्ये, जेव्हा कुणालाच गरम पाणी नको असतं, तेव्हा त्यावर पडणारं ऊन वाया जातं. एवढ्याच जागेत ५४० वॉटची दीडएक पॅनेल बसतात आणि त्यांची मे महिन्यातली वीज खात्यावर जमा होऊन ऑगस्टमध्ये कामी येते. बंबातलं पाणी ऑगस्टपर्यंत साठवता येत नाही.

दुसरी वाघोलीकरांनी सांगितलीच. पण वाघोलीकर, क्षारांचं पाणी हीट पंपालाही सोडत नाही. टाकीतली अॅनोड कांडी वर्ष-दीड वर्षाने उघडून बघा, झिजली असेल तर बदला. ती टाकीच्या बदल्यात स्वतः गंजते, म्हणून टाकी वाचते. नव्वद टक्के लोकांना ती कांडी आहे हेच माहीत नसतं.

---

बंबप्रेमी | सकाळी १०.४०

मे महिन्यातल्या उन्हाचा मुद्दा पटला. बाकी माझा बंब जोवर चालतोय तोवर मी हलणार नाही. दिवाळीच्या पहाटे तांब्याच्या बंबातलं कढत पाणी, उटणं आणि धुराचा वास, ते वैभव कुठल्याच सोलरला नाही, हे मात्र सगळ्यांनी मान्य करावं.

---

पेठेतला_वाटसरू | सकाळी १०.५२

मान्य! एकमताने ठराव मंजूर. आमच्या वाड्यात पहाटे बंब पेटवायचा मान थोरल्या आत्याकडे होता. ती उठली की सगळा वाडा उठायचा.

---

मधुरा_श्टुटगार्ट | दुपारी २.२०

मूळची एरंडवण्याची, सध्या जर्मनीत. इथे 'हीट पंप आणि सोलर' हा विषय दर दुसऱ्या घरात निघतो, पण इथला प्रश्न पूर्ण वेगळा आहे. हे मुद्दाम लिहितेय, कारण इंटरनेटवर वाचलेलं युरोपातलं गणित पुण्याला लावून लोक गोंधळतात.

इथे हीट पंप सगळं घर तापवतो. सगळ्यात जास्त वीज त्याला डिसेंबर-जानेवारीत लागते आणि तेव्हाच सूर्य जेमतेम दिसतो. छतावरचे पॅनेल वर्षाला किलोवॉटमागे हजार युनिटांच्या आसपास देतात, आणि त्यातला फारच थोडा वाटा भर हिवाळ्यात पडतो. उन्हाळ्यात ढीगभर वीज होते, पण ग्रिडला दिली तर युनिटमागे ८ सेंटच्या आसपास मिळतात आणि विकत घ्यायला ३० सेंटच्या वर मोजावे लागतात. पुण्यासारखं 'एक युनिट दिलं, एक युनिट घेतलं' असं इथे नाही. त्यामुळे इथे सगळी धडपड असते ती आपली वीज आपणच त्याच क्षणी वापरायची. म्हणून बॅटऱ्या, म्हणून मोठ्या पाण्याच्या टाक्या.

पुण्यात हीट पंपाला फक्त आंघोळीचं पाणी तापवायचंय आणि थंडीत आकाश निरभ्र. गरज आणि ऊन जवळजवळ हातात हात घालून चालतात. आईकडे आले की गच्चीवरचं जानेवारीतलं ऊन बघून मला खरंच हेवा वाटतो.

---

निवृत्त_अभियंता | दुपारी ३.०५

मधुराताई, फार मोलाचं लिहिलंत. आपल्याकडे किलोवॉटमागे वर्षाला १,४०० युनिटांच्या पुढे जातं. एक भर घालतो: पॅनेल तापली की वीज कमी देतात. पेशींचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट. मे महिन्यात दुपारी पॅनेल ६० अंशांच्या वर जातात. जानेवारीतलं थंड, स्वच्छ ऊन त्यामुळे दिसतं त्याहून जास्त कामाचं असतं.

---

वाघोलीकर | दुपारी ४.४५

एक व्यवहारातला प्रश्न. हीट पंप पहाटे चालवावा की दुपारी? इन्स्टॉलरने आमचा टायमर पहाटे ४ चा लावून दिलाय. म्हणतो, ताजं गरम पाणी मिळतं.

---

पेठेतला_वाटसरू | दुपारी ४.५८

नेट मीटर असेल तर पहाटे काय, दुपारी काय. युनिट तेवढंच कापणार.

---

निवृत्त_अभियंता | संध्याकाळी ५.२०

युनिटाची किंमत तेवढीच, पण युनिटं तेवढीच लागत नाहीत. हीट पंप हवेतून उष्णता घेतो. पहाटे ४ ला डिसेंबरात पुण्याची हवा १०-११ अंशांवर असते, दुपारी २ ला २८-३०. थंड हवेतून उष्णता ओढायला कॉम्प्रेसरला जास्त राबावं लागतं. पहाटे एका युनिटात अडीच युनिटांचं काम होत असेल, तर दुपारी चारच्या जवळपास. चांगल्या टाकीचं पाणी रात्रभरात फक्त काही अंश उतरतं, ते अगदी परवडतं.

शिवाय ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर लागलेत त्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. म्हणजे सोलर नसलेल्यांनीसुद्धा टायमर दुपारचाच लावावा. वाघोलीकर, आजच बदला.

---

वाघोलीकर | संध्याकाळी ५.३१

बदलला. दुपारी १ ते ४. शेजारच्या आजी खूश होतील, पहाटेची घरघर त्यांच्या खिडकीखालीच होती.

---

तिसरा_मजला | रात्री ८.१५

आम्हा फ्लॅटवाल्यांचं काय? वाकडला सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्चीवर हक्क नाही. बाल्कनीत हीट पंप बसवू शकतो, पण सोलर?

---

सोसायटी_सचिव | रात्री ९.००

तिसरा_मजला, तुमच्यासाठी आणि सगळ्याच सोसायट्यांसाठी लिहितो, कारण खरा फायदा इथे आहे आणि लोक तिकडे बघतच नाहीत.

गच्ची सगळ्यांची, त्यामुळे एकट्याने पॅनेल टाकायचं म्हटलं की वाद. पण सोसायटीचा कॉमन मीटर बघा. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प) असेल तर त्याची मोटर. आमच्या बाणेरच्या सोसायटीचा कॉमन वापर महिन्याला हजारो युनिटांत आहे. म्हणजे जवळजवळ सगळी युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यात. काकांच्या हिशेबाने बघितलं तर सोलरने वाचवलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात महाग युनिट आहे. योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. घराएवढं नाही, पण मोठा संच किलोवॉटमागे स्वस्तही पडतो.

सर्वसाधारण सभेत ठराव आणायला मात्र जीव काढावा लागला. वरच्या मजल्यावरच्यांना गळतीची भीती, पापड वाळवणाऱ्या काकूंना जागेची. शेवटी उंच स्ट्रक्चर घेतलं, खाली माणूस ताठ उभा राहून चालू शकतो. आता पापड, कुरडया सगळं सावलीच्या कडेला निवांत वाळतं आणि कोजागरीला दूधही तिथेच आटवलं. स्लॅबला भोकं पाडली नाहीत, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर खांब उभे केले. वॉटरप्रूफिंग आधी करून घेतलं, हे फार महत्त्वाचं. पॅनेल एकदा बसले की २५ वर्षं हलवायचे नाहीत, आणि गच्ची गळायला लागली तर सगळं उतरवावं लागतं.

---

तिसरा_मजला | रात्री ९.२२

खूप आभार. पुढच्या सभेत मांडतो. पापडांचा मुद्दा पहिल्यांदा मांडेन.

---

प्रभात_रोड | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

सगळे हिशेब वाचले. एक गोष्ट कुणीच बोललं नाही आणि कर्वेनगर-कोथरूडमध्ये ती सगळ्यात महत्त्वाची आहे: रिडेव्हलपमेंट.

आमच्या बंगल्यावर ५ किलोवॉट होतं, सुरेख चालायचं. दक्षिणेकडची तीन मजली सोसायटी पाडून तिथे अकरा मजली इमारत उभी राहिली. आता डिसेंबरात दुपारी १२ वाजता, ऐन भरात, अर्ध्या पॅनेलांवर सावली. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा काही जाणवत नाही, पण थंडीत उत्पादन खूप पडतं. सगळी पॅनेल एकाच माळेत जोडलेली असली की एकावर सावली आली तरी पूर्ण माळ मंदावते. मला नंतर प्रत्येक पॅनेलला ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेल स्वतंत्रपणे चालू देणारं उपकरण) लावून घ्यावे लागले, तो खर्च वेगळा.

कर्वेनगरी, तुमच्या दक्षिणेला काय आहे? तिथली इमारत जुनी आहे का? बिल्डरच्या बैठका चालू आहेत का? पॅनेलची किंमत विचारण्याआधी हे विचारा.

---

निवृत्त_अभियंता | सकाळी ८.२०

हा मुद्दा मीच आधी लिहायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. पुण्यात डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. ३३ मीटर उंचीची इमारत आणि तुमचं छत ८ मीटरवर असेल, तर सावली साडेबावीस मीटरपर्यंत येते. दक्षिणेची इमारत त्याहून लांब असेल तर दुपार सुरक्षित आहे. सकाळ-संध्याकाळ थोडी जाईल, ती चालते.

---

कर्वेनगरी | सकाळी ११.३५

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

प्रभात_रोड, दक्षिणेला अंतर्गत रस्ता आणि मग एक जुनी चार मजली सोसायटी आहे. बाबांनी सकाळी फिरताना तिथल्या अध्यक्षांना गाठलं. बिल्डरशी बोलणी प्राथमिक आहेत, पण होणार हे नक्की. अंतर मोजलं: आमच्या छताच्या दक्षिण कडेपासून त्यांच्या भिंतीपर्यंत १९ मीटर. म्हणजे उत्तरेकडच्या अर्ध्या छतावर पॅनेल टाकली तर वाचतो.

आणखी दोन शंका. वीज गेल्यावर सोलर चालू राहतं का? आणि मंजुरीला किती कटकट?

---

अनघा_सूसरोड | दुपारी १२.१०

नाही हो, वीज गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, सोलरही बंद होतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून उलटी वीज जाऊन धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र, स्वतःच थांबतं. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा लख्ख उन्हात आमचे पॅनेल नुसते बसून असतात. पण टाकीतलं पाणी गरमच असतं, त्यामुळे आंघोळी अडत नाहीत. बॅटरीसकट हायब्रिड घेता येतं, पण पुण्यात वीज फार जात नाही, तेवढ्यासाठी पैसे घालू नयेत असं मला वाटतं.

---

निवृत्त_अभियंता | दुपारी १२.४५

मंजुरीचं सोपं झालंय. २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली, त्यानंतर १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास लागत नाही. अर्ज योजनेच्या पोर्टलवर करायचा, इन्स्टॉलर नोंदणीकृत हवा. अनुदान हवं तर पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतात बनवलेल्या पेशींचेच लागतात. कोटेशनमध्ये तो शब्द लिहून घ्या आणि पॅनेलच्या मागचे क्रमांक जुळवून बघा.

आणि कोटेशन जुनं असेल तर नवं मागवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. तो फरक तुमच्या खिशात यायला हवा.

---

बंबप्रेमी | दुपारी १.०५

अर्थिंगचं विसरू नका. तीन वेगळे खड्डे: घराकडच्या एसी विजेचा, पॅनेलकडच्या डीसी विजेचा आणि आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा. आमच्या गल्लीत एकाने तिन्ही एकत्र बांधले होते, वळवाच्या पावसात वीज पडली आणि इन्व्हर्टर गेला.

---

पेठेतला_वाटसरू | दुपारी १.१८

बंबप्रेमींना अर्थिंगचं इतकं माहीत आहे म्हणजे आतून सोलरची तयारी चालू आहे, असं माझं निरीक्षण.

---

बंबप्रेमी | दुपारी १.२५

विजेसाठी घेणार आहेच! पाण्यासाठी नाही.

---

कर्वेनगरी | १४ नोव्हेंबर, रात्री ९.१५

नवं कोटेशन आलं. जीएसटीचा फरक धरून २ किलोवॉट १ लाख ४१ हजार, अनुदान वजा जाता ८१ हजार. डीसीआर लिहून घेतलं. छताच्या उत्तर अर्ध्यात, दक्षिणेकडे तोंड करून चार पॅनेल बसतात. इन्व्हर्टर मात्र ३ किलोवॉटचा घेतोय, म्हणजे पुढेमागे मुलीने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तर आणखी दोन पॅनेल जोडता येतील. काकांच्या पद्धतीने हिशेब केला तर पावणेतीन वर्षांच्या आत पैसे परत येतात. सावलीमुळे थोडं लांबलं तरी माझी हरकत नाही.

आता स्ट्रक्चरची उंची ठरत नाहीये. विक्रेता म्हणतो दोन फूट पुरे. आईला खाली तुळस आणि कुंड्या ठेवायच्या आहेत.

---

सोसायटी_सचिव | रात्री ९.४०

दोन फूट अजिबात घेऊ नका. खाली पारवे घरटी करतात आणि झाडू जात नाही. सात-आठ फूट घ्या, पण मग वाऱ्यासाठी खांब जाड आणि तिरपे आधार हवेत, जस्ताचा मुलामा असलेलंच लोखंड. कुंड्या दक्षिण कडेला ठेवा, तिथे ऊन राहील.

---

वाघोलीकर | रात्री ९.५२

आणि पॅनेल धुवायला गच्चीवर नळ काढून ठेवा. आजूबाजूला बांधकाम सुरू झालं की पंधरा दिवसांत धुळीचा थर बसतो. सकाळी लवकर, पॅनेल गार असताना धुवायचे. पाणी महापालिकेचं वापरा, बोअरचं नको, पांढरे डाग पडतात आणि मग ते निघत नाहीत.

---

कर्वेनगरी | रात्री १०.०५

आठ फूट सांगितलं. नळाची पाइप सोमवारी प्लंबर टाकतोय. पहिल्या महिन्याचं बिल आलं की आकडे इथेच टाकतो.